एकदाच विकली जाणारी वस्तू

पाळीच्या कपाबद्दल मराठीत जे लिहिलं-बोललं जातं, त्यात तो कायम 'नवा' असतो. नव्या पिढीचा, शहरी मुलींचा, पर्यावरणाची आस्था असणाऱ्यांचा नवा पर्याय. प्रत्यक्षात ज्या वर्षी प्रभातचा 'कुंकू' पडद्यावर आला, त्याच १९३७ साली अमेरिकेतल्या लिओना चाल्मर्स या अभिनेत्रीला या कपाचं पेटंट मिळालं. रबराची लहानशी घंटा, खाली ओढायला देठ. आज ऑनलाइन मिळणारा सिलिकॉनचा कप आकाराने तिच्यापासून फार दूर गेलेला नाही. तिच्याही आधी, १८६७पासून, अशा 'पात्रां'ची पेटंटं अमेरिकेत घेतली जात होती, पण त्यांतलं बाजारात टिकलं असं काही नाही. टॅम्पॉनचा जन्मही याच काळातला. अर्ल हास या डॉक्टरला त्याचं पेटंट १९३३मध्ये मिळालं आणि १९३६पासून टॅम्पॅक्स दुकानांत दिसू लागलं. म्हणजे टॅम्पॉन आणि कप ही जवळजवळ पाठोपाठची भावंडं. त्यांतलं एक जगभर पसरलं आणि दुसरं पुढची साठ-सत्तर वर्षं दर वेळी नव्याने जन्म घेत राहिलं. असं का झालं, याचं उत्तर शोधांच्या इतिहासात नाही, ते विक्रीच्या इतिहासात आहे असं मला वाटतं. कप मागे पडला तो मुख्यतः एका गुणामुळे: तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

आधी पॅडचं पाहू, कारण बाजाराने लाजेवर मात कशी केली ते तिथे स्पष्ट दिसतं. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधण्यासाठी किम्बर्ली-क्लार्क ही कागद कंपनी लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखा पदार्थ बनवत होती. आघाडीवरच्या परिचारिकांनी तो आपल्या पाळीसाठीही वापरला. युद्ध संपलं, माल पडून राहिला आणि १९२०मध्ये त्यातून कोटेक्स हे पॅड बाजारात आलं. सुरुवातीला ते खपेना, कारण दुकानातल्या पुरुषाकडे ते मागायचं कसं? कंपनीने तोडगा काढला. खोकी काउंटरवर उघड मांडायची, शेजारी पैसे टाकायची पेटी ठेवायची. बाईने काही न बोलता खोकं उचलावं, पैसे टाकावेत आणि निघून जावं. लाज तशीच राहिली, फक्त तिच्या बाजूने एक वाट काढली गेली. अशी वाट काढायला खर्च येतो, आणि तो खर्च कोण करतो? ज्याला पुढच्या महिन्यात तेच गिऱ्हाईक परत येईल याची खात्री असते तो.

कपवाल्यांना ही खात्री कधीच नव्हती. चाल्मर्सचा कप दुसऱ्या महायुद्धातल्या रबराच्या टंचाईत अडकला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला तो 'टासेट' या नावाने पुन्हा आला. या खेपेला मागे पैसा होता, रॉबर्ट ओरेक हा उत्साही उद्योजक होता. परिचारिकांना नमुने फुकट पाठवले गेले. त्या वापरतील आणि इतरांना सांगतील असा हिशेब होता. जाहिरातींवरही पैसा ओतला गेला. पण अमेरिकन टीव्हीवर अशा वस्तूंच्या जाहिरातींना १९७२पर्यंत बंदी होती, आणि तिथल्या जाहिरातीत 'पीरियड' हा शब्द उच्चारला जायला १९८५ उजाडलं. तोंडाने नाव न घेता एक अपरिचित वस्तू समजावून सांगायची, आणि ज्या बाईला ती समजली तिच्याकडून पुढची काही वर्षं एक पैसाही यायचा नाही. टासेट १९६३मध्ये बंद पडलं.

त्यानंतरचं वळण माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सगळ्यात बोलका पुरावा आहे. १९७०च्या सुमारास 'टासअवे' नावाचा कप आला, आणि तो वापरून फेकून द्यायचा होता. कपाचं तंत्र ठेवलं आणि त्याचा टिकाऊपणा काढून टाकला! ज्या गुणामुळे बाईचा फायदा होता, तोच दोष समजून दुरुस्त केला गेला. तोही काही वर्षांतच गेला, हे खरं. पण उत्पादकांना अडचण नेमकी कुठे वाटत होती, हे त्या फेकाऊ कपाने सांगून टाकलं.

यावर पहिला आक्षेप येईल तो लाजेचा आणि शरीराचा. बाजार वगैरे ठीक आहे, पण बायकांना अंगात काही घालणं, रक्ताला हात लावणं नकोच असतं. त्यातून आपल्याकडे कौमार्याची भीती. ही भीती खोटी नाही. पण टॅम्पॉनही अंगातच घालावा लागतो, आणि हात न लागता घालता यावा म्हणून त्याला पुठ्ठ्याची नळी जोडण्याचा खटाटोप पहिल्यापासून केला गेला. आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून 'समाजस्वास्थ्य'मधून या साधनांबद्दल मराठीत उघड लिहिलं. त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. पुढे १९६५पासून लोकसंख्या रोखण्याची निकड वाटणाऱ्या सरकारने तशाच बायकांसाठी गर्भाशयात बसवायच्या 'लूप'ची मोहीम देशभर राबवली. त्यात लोभ आणि जबरदस्तीही होती, ती आदर्श म्हणून इथे सांगत नाही. सांगायचं एवढंच की 'आपल्या बायका अंगात काही घालणार नाहीत' हे वाक्य त्या वेळी कुणाला अडचणीचं वाटलं नाही. ज्याला निकड होती त्याने लाजेला वळसा घातला. कपाच्या बाबतीत अशी निकड असलेलं कुणी नव्हतं.

दुसरा आक्षेप वस्तूचा. जुने कप कडक रबराचे होते, काहींना रबराची ॲलर्जी असते, मऊ सिलिकॉन आल्यावरच कप खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला. हे बरंचसं मान्य करावं लागतं. पण सिलिकॉन काही २०००नंतर सापडलेलं नाही. वैद्यकीय वापरात ते कितीतरी आधीपासून होतं. कपात ते आलं ब्रिटनमध्ये २००२च्या 'मूनकप'मधून, म्हणजे कप करणारी मंडळी बदलल्यावर. या बदलाची सुरुवात दोन दशकं आधी झाली होती. १९८०मध्ये अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या काही स्त्रिया 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम'ने दगावल्या आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलने आपला 'रिलाय' टॅम्पॉन बाजारातून मागे घेतला. त्या धक्क्यानंतर टपालाने माल पाठवणाऱ्या छोट्या उद्योगांना वाव मिळाला. त्यांतला 'द कीपर' हा रबरी कप १९८७मध्ये निघाला तो सिनसिनाटी शहरातून. प्रॉक्टर अँड गॅम्बलचं मुख्यालयही त्याच शहरात आहे. नियतीलाही अधूनमधून विनोद सुचतो. पुढे २०१८मध्ये या कंपनीच्या टॅम्पॅक्सनेही कप काढला. तोवर त्याचा बाजार इतर लोकांनी तयार करून ठेवला होता.

मग प्रश्न उरतो तो असा: कंपनीला परवडत नसेल, तर ही वस्तू बाईपर्यंत पोचवणं कुणाला परवडतं? याचं उत्तर केरळात दिसलं. २०१८च्या महापुरात मदत छावण्यांमध्ये वापरलेल्या पॅडचं करायचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या समोर आला. पुढच्या वर्षी आलप्पुळा नगरपालिकेने 'तिंकळ' या नावाने पाच हजार कप वाटले. तिंकळ म्हणजे चंद्र. कप बनवले आणि योजना राबवली ती एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीने, जिचा मूळ धंदा निरोधचा. पैसा कोका-कोलाच्या इथल्या फाउंडेशनचा, हेही नोंदवून ठेवावं. जानेवारी २०२२मध्ये एर्नाकुळम जिल्ह्यातलं कुंबळंगी (सिनेमामुळे नाव ओळखीचं झालेलं गाव) सॅनिटरी पॅडमुक्त पंचायत म्हणून जाहीर झालं. तिथेही खासदाराच्या पुढाकाराने कप वाटले गेले. अशी घोषणा आणि प्रत्यक्ष वापर यांत अंतर असणारच. पण गणित पाहा. एका बाईच्या आयुष्यात साधारण साडेचारशे पाळ्या येतात. पाळीला दहा पॅड धरले तर साडेचार हजार पॅड. नीट वापरलेला एक कप पाच ते दहा वर्षं चालतो, म्हणजे तेवढ्याच काळाला पाच-सात कप पुरतात. दुकानदाराला या हिशेबात तोटा दिसतो. कचरा उचलायची जबाबदारी ज्या नगरपालिकेवर आहे, तिला मात्र नफा दिसतो. एकदाच विकल्या जाणाऱ्या वस्तूला एकगठ्ठा घेणारा लागतो, आणि तो घेणारा कचऱ्याचा खर्च सोसणाराच असू शकतो.

हा खर्च महाराष्ट्रात कुणी सोसला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात १९९३मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या आणि पुढे 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांच्या हातांनी. २०१३मध्ये त्यांनी वापरलेल्या पॅडची पोती ते बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना परत पाठवली. पुढे लाल ठिपक्याची मोहीम आली: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे तो हाताने उकलावा लागणार नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांना पॅडसोबत पिशवी द्यायला सांगितलं. पण आपल्या योजना पॅडच्याच दिशेने चालत राहिल्या. केंद्राने २०११मध्ये सहा रुपयांत सहा 'फ्रीडेज' पॅड दिले. महाराष्ट्राने २०१८च्या महिला दिनी 'अस्मिता' योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देऊ केले. मुलींची अडचण खरी होती, म्हणून या योजनांना नावं ठेवता येत नाहीत. तरी सरकारने इथे दुकानदाराचा हिशेब उचलला, नगरपालिकेचा नाही, एवढं म्हणावंच लागतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: जिथे पाणी नाही, आडोसा नाही, तिथे कप घेऊन बाई काय करणार? ऊसतोडीच्या कोपीत राहणाऱ्या बाईला कप धुवायला स्वच्छ पाणी आणि दार लागणारी मोरी कुठून मिळणार? याला सोपं उत्तर नाही. मात्र पॅडलाही आडोसा लागतो, आणि तो टाकायला जागाही लागते. नेपाळातल्या चितवनमध्ये चार शाळांतल्या १९८ मुली आणि त्यांच्या आयांना घेऊन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. निम्म्या मुलींना कप दिले. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. शाळेतली हजेरी वाढली नाही, म्हणजे कप दिला की मुली शाळेत येतील हा प्रचार टिकला नाही. पण फडकी धुण्याचा वेळ वाचला, आणि कप कुणी वापरला हे मुख्यतः मैत्रिणींवर ठरलं. ज्या मुलीच्या जास्त मैत्रिणींकडे कप होता, ती तो लवकर वापरायला शिकली. कप बसवायला शिकावं लागतं, दोन-तीन पाळ्या जातात, आणि ते कुणाला तरी विचारावं लागतं. २०१९मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला, त्यातही सराव झाल्यावर सुमारे सत्तर टक्के स्त्रिया कपच पुढे वापरू इच्छित होत्या. गळती पॅडइतकीच किंवा कमी होती. टॉक्सिक शॉकची मोजकी उदाहरणं नोंदली गेली होती, आणि तांबी बसवलेल्या स्त्रीने कप वापरताना जपावं असाही सूर होता. आपल्याकडे तांबी सर्रास असते, म्हणून वाटप करणाऱ्याने हे वाक्य गाळता कामा नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, १५ ते २४ वयाच्या स्त्रियांत ६४ टक्के पॅड वापरत होत्या, ५० टक्के कापड (काही दोन्ही), आणि ०.३ टक्के कप. त्याच फेरीत कपाला 'आरोग्यदायी' साधनांच्या यादीत जागा मिळाली. कापड त्या यादीत नाही. याला कारण आहे: अडगळीत, दुसऱ्या कपड्यांच्या खाली दमट राहिलेली घडी सुरक्षित नसते. पण जुन्या लुगड्याची ती घडी आणि हा कप हे एकाच जातीचे आहेत, धुऊन पुन्हा वापरायचे. पॅड मात्र वेगळ्या जातीचा. घडी बिघडली ती तिला ऊन दाखवायची सोय नव्हती म्हणून. 'कावळा शिवला' म्हणत ज्या घरांनी बाईला बाजूला बसवलं, ऋषिपंचमीला तिच्याकडून विटाळाचं प्रायश्चित्त करवून घेतलं, त्यांनी तिच्या फडक्यालाही उजेडात वाळू दिलं नाही. कपाला ऊन लागत नाही, उकळतं पाणी लागतं, आणि तेही रोज नाही: पाळी संपली की एकदा, पुढची येण्याआधी एकदा. म्हणजे जुन्या हिशेबाने चौथ्या दिवसाच्या न्हाणानंतर, बाई स्वयंपाकघरात परत जायला मोकळी झाल्यावर. सोवळ्याचा एकही नियम त्यात मोडत नाही. तो कप उकळायला गॅसवर कुठलं पातेलं ठेवायचं, आणि ते पातेलं नंतर मांडणीत कुठे लावायचं, एवढंच काय ते घरोघरी अजून ठरायचं आहे.