‘सेपुल्तुरा’ : एका स्वतंत्र वाद्यवृंदाचा नाद

संगीताचा इतिहास लिहितांना राजसभा, देवालयें आणि नाट्यगृहें यांचा उल्लेख अवश्य होतो. परंतु कित्येक नाद असे आहेत कीं, त्यांना कोणाचाच आश्रय लाभला नाहीं. ब्राझील देशांतील ‘सेपुल्तुरा’ या वाद्यवृंदाचा प्रारंभींचा नाद या जातीचा होय. तो कर्कश आहे, उग्र आहे, आणि कित्येकांच्या मतें तो संगीतच नव्हे. तथापि ज्या परिस्थितींतून तो निघाला ती जाणून घेतल्यावांचून त्याविषयीं निवाडा देणें न्यायाचें होणार नाहीं.

या संगीतप्रकाराचें नांव ‘थ्रॅश मेटल’. ‘थ्रॅश’ म्हणजे झोडपणें. शेतकरी खळ्यावर कणसें झोडपतो तसें. १९८० नंतरच्या चार-पांच वर्षांत हा प्रकार मुख्यतः अमेरिकेंत आकारास आला. इंग्लंडांतील ‘मोटरहेड’ व ‘व्हेनम’ या वृंदांची गति आणि दांडगाई त्याच्या मुळाशीं होती. १९८३ सालीं ‘मेटॅलिका’ आणि ‘स्लेयर’ या कॅलिफोर्नियांतील वृंदांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि या प्रकाराचा पाया पक्का झाला.

त्याच्या नादाची घडण समजण्यास अवघड नाहीं. विजेच्या गिटारचा आवाज ध्वनिवर्धकांतून त्याच्या शक्तीबाहेर वाढविला म्हणजे ध्वनिलहरींचीं शिखरें छाटलीं जातात, आणि मूळ स्वरांत नसलेले अनेक उपस्वर त्यांत मिसळतात. अशा नादांत चार-पांच स्वरांचा मेळ वाजविल्यास नुसता गोंगाट माजतो. म्हणून वादक बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर एकत्र घेतात. उजव्या तळहाताची कडा घोडीजवळ तारांवर टेकवून जाड तार जलद छेडली कीं, आवाज लांबत नाहीं. तो हातोड्याच्या घावासारखा तुटक येतो. पायाखालचा मोठा ढोल आणि हाताखालचा ताशासारखा लहान ढोल यांवर दुगणींत आघात चालतात. चालींत कोमल रिषभ व तीव्र मध्यम वारंवार येतात. तोडीमध्यें याच स्वरांनीं महाराष्ट्रीय श्रोत्याचें मन करुणेनें भरून येतें. येथें त्यांच्याकडून भय निर्माण करविलें जातें. गायक गात नाहीं, गर्जतो.

आतां हा नाद जेथें पोंचला त्या नगरीकडे वळूं. बेलो ओरिझोंते म्हणजे ‘सुंदर क्षितिज’. सोन्याच्या खाणींनीं प्रसिद्ध असलेल्या मिनास जेराइस प्रांताची ही राजधानी १८९७ सालीं आंखणी करून वसविली गेली. रिओ किंवा साओ पाउलो येथील गजबजाट तिला नव्हता. माक्स आणि इगोर काव्हालेरा हे बंधु याच नगरींत वाढले. त्यांचे वडील इटलीच्या वकिलातींत नोकरीस होते. मुलें लहान असतांनाच ते हृदयविकारानें वारले, आणि कुटुंबाची सुस्थिति पालटली. १९८१ सालीं साओ पाउलो येथें या बंधूंनीं इंग्लंडच्या ‘क्वीन’ वृंदाचा जलसा ऐकला आणि त्यांना या संगीताचा ध्यास लागला. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा पारशी, फारोख बलसारा. त्याचें शालेय शिक्षण आपल्या पांचगणीस झालें होतें. नादाचा प्रवास कोठून कोठें होतो, याचें हें एक लहानसें उदाहरण.

१९८४ सालीं या दोघांनीं आपला वृंद स्थापिला. तेव्हां थोरला पंधरा वर्षांच्या आसपास होता आणि धाकटा त्याहूनहि एका वर्षानें लहान. ‘मोटरहेड’च्या एका गीताचें भाषांतर करतांना माक्सला ‘सेपुल्तुरा’ हा शब्द सुचला. पोर्तुगीज भाषेंत त्याचा अर्थ ‘थडगें’. ज्या भाषेनें गोव्याच्या वाटेनें मराठीला बटाटा, पाव आणि चावी हे शब्द दिले, तिचाच हा शब्द.

देश त्या वेळीं संक्रमणांत होता. १९६४ पासून चाललेली लष्करी राजवट १९८५ च्या मार्चमध्यें संपली. परदेशी कर्जाचें ओझें मोठें होतें, महागाई भडकली होती, आणि चांगलीं वाद्यें सामान्य घरांतील मुलांच्या आवाक्याबाहेर होतीं. अशा वेळीं ‘कोगुमेलो’ नांवाचें एक दुकान मदतीस आलें. कोगुमेलो म्हणजे आळंबें. ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या या दुकानानें स्थानिक वृंदांच्या मुद्रिका स्वतःच काढण्यास आरंभ केला. १९८५ सालीं ‘बेस्टियल डेव्हास्टेशन’ ही मुद्रिका निघाली. तिची एक बाजू ‘सेपुल्तुरा’ची, तर दुसरी त्याच नगरींतील ‘ओव्हरडोज’ या वृंदाची होती. ‘सेपुल्तुरा’चा भाग अवघ्या दोन दिवसांत मुद्रित झाला. पुढच्या वर्षीं ‘मॉर्बिड व्हिजन्स’ ही पूर्ण मुद्रिका आली.

या दोन कृतींचा नाद विलक्षण ओबडधोबड आहे. मुद्रणापूर्वीं गिटारीच्या तारा नीट जुळविण्याचीहि काळजी घेतली गेली नव्हती, हें पुढें वृंदानें स्वतःच सांगितलें. इंग्रजीचें ज्ञान बेताचें असतांना गीतें मात्र इंग्रजींत. आवाज एकमेकांवर आदळतात. कोठें कोणतें वाद्य संपलें हें कळत नाहीं. तरीहि त्यांत एक गोष्ट अस्सल आहे. तेथें कोणी कोणाला रिझविण्यासाठीं वाजवीत नाहीं. ज्यांच्याजवळ साधनें नव्हतीं आणि ज्यांना गप्प बसणेंहि शक्य नव्हतें, अशा मुलांचा तो उद्गार आहे. त्याच दुकानानें प्रसिद्ध केलेल्या ‘सार्कोफागो’ या वृंदाची १९८७ ची मुद्रिका पुढें दूर नॉर्वेंतील वादकांनीं आदर्श मानली. ज्याला दोष म्हणावें तोच कोणाचा तरी आदर्श ठरतो, तो असा.

परंतु केवळ आवेशावर कला फार दिवस टिकत नाहीं. १९८७ सालीं जैरो गेद्झ हा गिटारवादक वृंद सोडून गेला आणि साओ पाउलोहून आंद्रेयास किसर आला. त्यानें अभिजात गिटारचा अभ्यास केला होता. त्याच वर्षींच्या ‘स्किझोफ्रेनिया’ या मुद्रिकेंत फरक स्पष्ट ऐकूं येतो. तारा जुळल्या, चालींना बांधेसूदपणा आला, आणि मध्येंच साध्या गिटारवर वाजविलेला एक शांत तुकडाहि ऐकूं आला. प्रकाशक तोच, नगरी तीच. बदलली ती विद्या. साधनांची उणीव विद्येनें पुष्कळशी भरून निघते, हा या इतिहासांतील पहिला बोध.

त्यानंतर माक्स आपलें संगीत घेऊन न्यूयॉर्कला गेला. त्याचें फळ म्हणून मूळच्या हॉलंडमधील ‘रोडरनर’ या प्रकाशनसंस्थेनें वृंदाशीं करार केला. तोंपर्यंत संस्थेनें त्यांना रंगमंचावर प्रत्यक्ष पाहिलेंहि नव्हतें. १९८८ च्या डिसेंबरांत फ्लॉरिडाहून स्कॉट बर्न्स हा ध्वनिमुद्रणतज्ज्ञ रिओला आला, आणि ‘नास नुव्हेन्स’, म्हणजे ‘ढगांत’, या नांवाच्या मुद्रणगृहांत रात्रीं जागून काम झालें. १९८९ सालीं निघालेली ‘बिनीथ द रिमेन्स’ ही मुद्रिका जगभर गेली. तिच्यांत प्रत्येक आघात स्वच्छ ऐकूं येतो, पण वेग आणि धग तसूभरहि उणी झालेली नाहीं.

पुढील वाटचाल थोडक्यांत सांगतां येईल. १९९२ सालीं साओ पाउलोच्या कारांदिरू तुरुंगांत १११ बंदिवान मारले गेले. त्यावर वृंदानें १९९३ सालीं गीत रचलें. १९९६ च्या ‘रूट्स’ मुद्रिकेसाठीं शाव्हांते या आदिवासींच्या वस्तींत जाऊन त्यांच्यासमवेत मुद्रण केलें. उसन्या भयकथांपासून स्वतःच्या भूमीपर्यंत पोंचण्यास त्यांना बारा वर्षें लागलीं. त्याच वर्षाच्या अखेरीस माक्स वृंदांतून बाहेर पडला, आणि दोन्ही भावांतहि दहा वर्षें दुरावा राहिला.

२००७ च्या सुमारास ते पुन्हा एकत्र आले. २०२३ सालीं या दोन भावांनीं आपल्या पहिल्या दोन मुद्रिका नव्यानें वाजवून प्रसिद्ध केल्या. या वेळीं तारा जुळलेल्या होत्या आणि यंत्रें उत्तम होतीं. चाली मात्र त्यांनीं तशाच ठेविल्या. प्रौढ माणसानें आपल्या बालपणाची वही सुवाच्य अक्षरांत उतरून काढावी, पण वाक्य एकहि बदलूं नये, तसें हें झालें. अक्षर वाईट होतें, मजकूर खोटा नव्हता, हीच त्यांची साक्ष. स्वतंत्र कलावंताच्या पहिल्या कृतीकडे पाहतांना एवढा भेद ध्यानांत ठेवला, तर पुष्कळ अन्याय टळेल.