हमालाचं काम आणि वॅटचा घोडा

नववीत ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकताना एक वाक्य येतं: डोक्यावर पोतं घेऊन सपाट रस्त्यानं चालणारा हमाल गुरुत्वबलाविरुद्ध शून्य कार्य करतो. एकदा एका मुलानं विचारलं, ‘‘सर, माझे अब्बा दिवसभर हेच करतात. मग ते काम नाही?’’

उत्तर शोधायला इतिहासात जावं लागतं. १७८०च्या दशकात जेम्स वॅटला वाफेची यंत्रं विकायची होती. गिऱ्हाइकाला एवढंच कळायचं होतं, की हे यंत्र किती घोड्यांची जागा घेईल. वॅटनं माप ठरवलं: मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती, आजचे सुमारे ७४६ वॅट. पुढे १८४०च्या दशकात जेम्स ज्यूलनं पाणी घुसळून दाखवलं, की कार्यातून ठरावीक उष्णता निघते. १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सनं या दोघांची नावं एककांना सुचवली.

ज्यूल सांगतो काम किती झालं, वॅट सांगतो ते किती वेगानं झालं. उर्दूत आपण ऊर्जेला तवानाई आणि शक्तीला ताकत म्हणतो. बोलताना दोन्ही एकच वाटतात, हिशेबात नाहीत.

आपल्या चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज क्षमता २,९२० मेगावॅट. पूर्ण क्षमतेनं चाललं तर तासाला २९ लाख २० हजार युनिट. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. आता ५० किलोचं पोतं एक मीटर उचलून ट्रकवर टाका: सुमारे ४९० ज्यूल. अशी २०० पोती टाकली तरी युनिटचा छत्तिसावा भागही होत नाही. हजार वॅटचं हीटर तेवढी वीज दीड-पावणेदोन मिनिटांत खातं.

म्हणून त्या मुलाला सांगितलं: सूत्र फक्त पोत्याला मिळालेली ऊर्जा मोजतं. अब्बांच्या स्नायूंत जळालेली भाकरी त्यात येत नाही. ऊर्जानगरातही कोळशाच्या उष्णतेचा मोठा भाग वीज न होताच वाया जातो, पण त्या सगळ्या कोळशाचे पैसे मोजावेच लागतात.

वॅटचं माप यंत्र विकण्यासाठी होतं, माणसाची मजुरी ठरवण्यासाठी नव्हे. मजुराचा हक्क वेळेवर द्या, ही आपल्या दीनची ताकीद आहे. ती ज्यूल मोजून पाळायची नसते.