मृत्यूला चकवणारी नावं

पुण्यातल्या सर्वांत श्रीमंत म्हणवल्या जाणाऱ्या गणपतीच्या नावात एक दगड आहे. दगडूशेठ हलवाई हे पेठेतले नावाजलेले मिठाईवाले. त्यांच्या काळात दगडू, धोंडू, केरबा, कचरू, भिकाजी ही नावं गावोगाव सर्रास ऐकू येत. 1857च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत, महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. जातीपातीचा, गरीब-श्रीमंतीचा अडसर या नावांना नव्हता.

धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात जन्मला म्हणूनही कुणी धोंडू होई. पण बहुतेक घरांत अशा नावामागे पाळण्यातच दगावलेली थोरली भावंडं असत. मग पुढचं मूल जन्मलं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. शेजारीण किंवा सुईण ते ‘सापडलं’ म्हणून उचलणार आणि आई पसाभर धान्य देऊन ते तिच्याकडून विकत घेणार. आता हे मूल आपलं नाही, केरातलं आहे, भिकेत मिळालंय. न्यायला येणाऱ्याने त्याकडे कशाला बघावं? मुलगा असला तर त्याचं नाक टोचून नथ घालत, म्हणजे तो मुलगी वाटावा. त्यातूनच नथू आला.

ही युक्ती एकट्या महाराष्ट्राची नव्हती. बंगालात विक्रीची किंमतच नाव होई: एककोडी, तिनकोडी. तेलुगूत उकिरड्यावरून पेंटय्या, तमिळमध्ये केरावरून कुप्पुस्वामी. ओडिया साहित्यिक फकीर मोहन सेनापती (1843–1918) यांचं मूळ नाव ब्रजमोहन. आईवडील लहानपणीच गेले आणि पोर सतत आजारी. तेव्हा आजीने बालेश्वरच्या पिरांना नवस केला, की वाचला तर तुमचा फकीर करीन. पोर वाचलं. पण नातवाला कायमचं सोडून देण्याचा धीर आजीला होईना. तेव्हा दरवर्षी मोहरमचे काही दिवस त्याला फकिराचा वेश चढवून भिक्षा मागायला लावायचं, अशी तडजोड निघाली. नाव मात्र जन्मभर फकीरच राहिलं.

ही नावं मागे पडली ती केवळ शहरी आवडीनिवडीमुळे नाही. देशात 1971 साली हजारी 129 बाळं वर्षाच्या आत जात. 2020 साली हा आकडा 28 वर आला. पहिलंच मूल जगणार असा भरवसा वाटू लागल्यावर दगडू-धोंडूची गरज सरली आणि संजय, सचिन आले.

एक ओंगळ नाव मात्र टिकलं: नकोशी. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली, की ते ठेवलं जाई. ऑक्टोबर 2011मध्ये सातारा जिल्ह्यात एका समारंभात अशा 285 मुलींना नवी नावं मिळाली. दगडू आणि नकोशी कानाला एकाच कुळातल्या वाटतात, पण तसं नाही. दगडू म्हणणारी आई मृत्यूशी खोटं बोलत होती, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. नकोशी म्हणणारं घर खरं बोलत होतं. म्हणून दगडूला नामांतराचा समारंभ लागला नाही, नकोशीला लागला.