भरणारी बॅटरी आणि तिच्यावरचा लोड

टेलिफोन खात्यात मी पॉवर प्लांट सांभाळला. अख्खी पेठ अंधारात बुडाली तरी पुणेकराचा फोन चालू राहायचा, तो एक्स्चेंजच्या बॅटरीरूममुळे. तिथे ओळीने २४ सेल, प्रत्येक २ व्होल्टचा, म्हणून ४८ व्होल्ट. धन टोक अर्थला बांधलेले, नाहीतर जमिनीखालच्या केबलचे तांबे खाल्ले जाते.

जुन्या पद्धतीत बॅटरीचे दोन संच असत. एकावर एक्स्चेंज चाले, दुसरा चार्जिंगला, मग अदलाबदल. या रोजच्या भरण्या-रिकामे होण्याने सेल झिजत. त्यावरचा उपाय म्हणजे फ्लोट. रेक्टिफायर, बॅटरी आणि लोड एकाच बसबारवर समांतर, व्होल्टेज ५१.५ च्या आसपास. लोडचा करंट रेक्टिफायर देतो, बॅटरी फक्त स्वतःची गळती भरून काढण्यापुरता घेते. वीज गेली की त्याच क्षणी लोड बॅटरीवर, मधे रिले नाही की स्विच नाही. इतकी साधी आणि भरवशाची जोडणी मी दुसरी पाहिली नाही.

खरा प्रश्न उभा राही तो बॅटरी खाली बसल्यावर. पुरती भरायची तर सेलला २.७ व्होल्टपर्यंत न्यावे लागे, म्हणजे २४ सेलना जवळजवळ ६५. एवढे व्होल्टेज एक्स्चेंजच्या उपकरणांना सोसणारे नाही. म्हणून तो संच आधी लोडपासून तोडायचा, मग चार्जिंगला लावायचा आणि हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहत बसायचे.

भारनियमनाच्या वर्षांत पुण्यात घरोघरी इन्व्हर्टर आला. त्यातही लोड वेगळाच ठेवलेला असतो: वीज असताना घर रिलेमधून थेट लाइनवर, बॅटरी बाजूला भरत राहते.

आता कॉलेजची मुले बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून लिथियम सेल आणि टीपी४०५६ चार्जर मॉड्यूल आणतात, आणि लोड सरळ सेलवर जोडतात. आमचा फ्लोट इथे चालत नाही. हा चार्जर ४.२ व्होल्टला पोचतो आणि करंट ठरवलेल्याच्या दहाव्या भागावर, म्हणजे १ अँपिअरचे १०० मिलिअँपिअर झाले की थांबतो. लोडच २०० घेत असेल तर ती वेळ येतच नाही. सेल ४.२ वर ताणलेला राहतो आणि त्याचे आयुष्य घटते.

मी त्यांना एक पी-चॅनल मॉसफेट, एक शॉटकी डायोड आणि गेटपासून ग्राउंडला एक रेझिस्टर लावायला सांगतो. यूएसबी असली की लोड डायोडमधून तिच्यावर, मॉसफेट बंद, सेल एकटा भरतो. यूएसबी काढली की गेट खाली ओढला जातो, मॉसफेट चालू होतो आणि लोड सेलवर येतो.