अटॅचमेंट बंद, स्क्रीनवर कोड: कंट्रोलर बदलण्याआधी काय तपासावे?

रस्ता, गटार, साखर कारखान्याचे आवार अशा कामांवर जेसीबीच्या जोडीला छोटे स्किड स्टीअर लोडर वापरले जातात. बकेट काढून झाडू, ऑगर किंवा रोड कटर लावला की एकच गाडी चार कामे करते. मात्र अटॅचमेंट जोडल्यावर स्क्रीनवर आकडे आले की काम जागेवर थांबते. गाडी तासावर भाड्याने दिलेली असते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. मग घाईत 'कंट्रोलर गेला' असे ठरवून महागडा डबा मागवला जातो. तो बसवल्यावर तोच कोड परत आला, तर पैसे गेले आणि दिवसही गेला.

हे टाळायचे तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. कोणता पार्ट खराब आहे हे कोड सांगत नाही. कोणत्या सर्किटमध्ये काय बिघडले, एवढेच तो सांगतो. त्या सर्किटमध्ये कंट्रोलर, वायर, प्लग, कॉइल आणि अर्थ हे सगळे येते. त्यातला सर्वात स्वस्त आणि सर्वात उघड्यावर असलेला भाग म्हणजे वायर आणि प्लग. त्यामुळे तपासणी तिथूनच सुरू करावी.

कोडचे दोन भाग

अनेक कंपन्यांच्या मशीनमध्ये जे-१९३९ या पद्धतीचे कोड असतात. त्यात पहिला आकडा एसपीएन आणि दुसरा एफएमआय. एसपीएन म्हणजे कोणते सर्किट किंवा कोणते मोजमाप. उदाहरणार्थ, एसपीएन १६८ म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज. एफएमआय म्हणजे बिघाडाचा प्रकार. तो ० ते ३१ यांपैकी असतो.

एसपीएन ५२०१९२ ते ५२४२८७ हे आकडे कंपन्यांना स्वतःच्या वापरासाठी सोडलेले आहेत. अटॅचमेंटचे कोड अनेकदा याच पट्ट्यात येतात. त्यामुळे एका कंपनीच्या कोडचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या पुस्तकात शोधून उपयोग नाही. काही कंपन्या तर पूर्णपणे स्वतःचेच अक्षर-आकड्यांचे कोड देतात. तिथे त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल लागतेच.

एफएमआयचा अर्थ मात्र सगळीकडे सारखा. नेहमी लागणारे असे:

- २: सिग्नल अस्थिर, मध्येच येतो-जातो. लूज कॉन्टॅक्टचा संशय.
- ३: व्होल्टेज जास्त, किंवा वायर प्लसला शॉर्ट.
- ४: व्होल्टेज कमी, किंवा वायर अर्थला शॉर्ट.
- ५: करंट कमी, किंवा सर्किट तुटलेले.
- ६: करंट जास्त, किंवा वायर अर्थला लागलेली.
- ७: यांत्रिक भाग प्रतिसाद देत नाही. इथे वायरसोबत हायड्रॉलिकही बघावे.
- ९: कंट्रोलरकडून संदेश वेळेवर येत नाही.
- १२: कंट्रोलर किंवा तशाच उपकरणात बिघाड.

थेट डब्याकडे बोट दाखवणारा यात १२ हा आकडा आहे. तरीही तो आल्यावर आधी त्या डब्याचा फ्यूज, सप्लाय आणि अर्थ बघावा. अर्धवट सप्लाय मिळालेला चांगला कंट्रोलरही चुकीचे वागतो.

हात लावण्याआधी

आर्म जमिनीवर टेकवावेत. आर्म वर ठेवूनच काम करायचे असेल तर कंपनीचा लॉक लावल्याशिवाय खाली जाऊ नये. इंजिन बंद करून हायड्रॉलिक प्रेशर सोडावे. गळती हाताने चाचपू नये. दाबाखालचे तेल कातडीतून आत शिरते आणि जखम वरून छोटी दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो. सीट बार किंवा सीटच्या स्विचला वायरचा तुकडा लावून गाडी चालवणे तर अजिबात नको. ती इंटरलॉक ऑपरेटरचा जीव वाचवायला असते.

पायऱ्या क्रमाने

पहिली पायरी: कोड लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढला तरी चालतो. कोड आत्ता चालू आहे की जुना साठवलेला, आणि किती वेळा आला, हेही अनेक स्क्रीन दाखवतात. आधीच पुसून टाकला तर ही माहिती जाते. एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले असतील तर तितके सेन्सर एका वेळी जात नाहीत. त्यांची सामायिक ५ व्होल्टची लाइन किंवा अर्थ बघावी.

दुसरी पायरी: बॅटरी. विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. बॅटरीच कमजोर असेल तर पुढचे कोड फसवे निघू शकतात.

तिसरी पायरी: बिघाड गाडीत की अटॅचमेंटमध्ये, हे वेगळे करा. किल्ली बंद करून अटॅचमेंटचा प्लग काढावा. प्लगमध्ये हिरवट गंज, वाकलेली किंवा आत सरकलेली पिन, चिखल दिसतो का ते बघावे. शॉर्टचा कोड, म्हणजे ४ किंवा ६, प्लग काढल्यावर जाऊन त्याजागी ५ आला तर शॉर्ट अटॅचमेंटच्या बाजूला आहे. कोड जसाच्या तसा राहिला तर गाडीच्या हार्नेसमध्ये शोधावे. हीच युक्ती पुढे कॉइलच्या प्लगवर केली की कॉइल की वायर, हेही कळते.

चौथी पायरी: कॉइलचा रेझिस्टन्स. मल्टिमीटरने मोजून मॅन्युअलशी किंवा शेजारच्या तशाच चांगल्या कॉइलशी ताडून बघावा. गाडी थंड असताना मोजणे बरे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ६० अंशांनी तापलेली कॉइल जवळजवळ पाऊणपट नव्हे, पण पाव हिस्सा जास्त दाखवते. दोन कॉइल सारख्याच असतील तर अदलाबदल करून बघावी. कोड कॉइलसोबत सरकला तर दोष कॉइलचा. आत डायोड असलेली कॉइल उलट वायरने जोडली तर चांगली असूनही शॉर्टसारखी वागते, हेही लक्षात असू द्यावे.

पाचवी पायरी: मध्येच येणाऱ्या कोडसाठी हार्नेस हलवून बघा. एक जण मीटर बघेल, दुसरा वायर वीतभर-वीतभर हलवेल. आर्मच्या सांध्याजवळ आणि होजला घासणाऱ्या जागी वायर आतून तुटते, वरचे कव्हर मात्र शाबूत दिसते.

'बारा व्होल्ट येतात की!'

साइटवर सर्वात जास्त फसवणारे वाक्य हेच. प्लग काढून मीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात, म्हणून वायर चांगली समजली जाते आणि कॉइल किंवा डबा बदलला जातो. पण मीटर नगण्य करंट घेतो. गंजलेल्या पिनमधूनही तेवढा सहज जातो.

हिशोब सोपा आहे. ८ ओहमची कॉइल १२ व्होल्टवर दीड अँपिअर घेते. मध्ये गंजाचे २ ओहम आले की एकूण १० ओहम होतात आणि करंट १.२ अँपिअरवर येतो. २.४ व्होल्ट त्या गंजातच खर्च होतात आणि कॉइलला ९.६ व्होल्टच मिळतात. म्हणून मोजमाप कॉइल जोडलेली व चालू असतानाच करावे. बॅटरीच्या मायनसपासून कॉइलच्या अर्थपर्यंत मीटर लावावा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची जोडणी साफ करायला घ्यावी. नवीन पार्टपेक्षा सँडपेपर आणि पाना स्वस्त पडतो.

कॅनची लाइन

काही अटॅचमेंटमध्ये स्वतःचा कंट्रोलर असतो आणि तो कॅन हाय व कॅन लो या पिळलेल्या दोन वायरींवरून गाडीशी बोलतो. ९ आला की आधी तो डबा चालू आहे का, म्हणजे सप्लाय मिळतो का, आणि मग या वायरी बघाव्यात. बॅटरी काढून दोन्ही वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजावा. ६० ओहमच्या आसपास असेल तर ठीक. १२० आला तर दोनपैकी एक टर्मिनेटर तुटलेला किंवा सुटलेला. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना लागलेल्या. ९ पिनांचा गोल डायग्नोस्टिक सॉकेट असेल तर त्यात सी आणि डी या पिना कॅनच्या. या वायरींवर बल्बचा टेस्टर कधीही लावू नये.

भाड्याची अटॅचमेंट घेताना

प्लग बसला म्हणजे वायरिंग जुळले असे नाही. १४ पिनांचे दोन प्लग सारखे दिसतात, पण कोणत्या पिनवर काय हे कंपनीगणिक वेगळे असू शकते. दुसऱ्या कंपनीची अटॅचमेंट घेताना पिनचा नकाशा ताडून बघावा, गरज असेल तर अॅडॉप्टर मागावा. देताना-घेताना प्लगचा फोटो काढून ठेवला तर नंतर 'पिन कोणी मोडली' हा वाद राहत नाही.

पावसाळ्यात आणि तांबड्या मातीत प्लगचे झाकण हाच सर्वात स्वस्त विमा. प्लग काढला की झाकण लावावे, प्रेशर वॉशरचा फवारा त्यावर सरळ मारू नये. अटॅचमेंटला वेल्डिंग करण्याआधी तिचा प्लग आणि बॅटरी सोडवावी, वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावावी.

एवढे सगळे बघूनही कोड राहिला तर कंपनीच्या लॅपटॉपवाल्याला बोलवावे. त्याला कोड, कधी येतो ते आणि घेतलेली मोजमापे लिहून दिली तर त्याचाही वेळ वाचतो. शिवाय 'ऑपरेटरनेच बिघडवली' असा ठपका उगाच कुणावर बसत नाही.