वेळ अमावास्या

मार्गशीर्ष अमावास्येस धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) व लातूर जिल्ह्यांत, तसेच त्यांना लागून असलेल्या सोलापूरच्या काही भागात आणि कर्नाटकातील बीदर-कलबुर्गी प्रदेशात शेतावर साजरा होणारा कृषिसण. बोलीत यास ‘येळवस’ म्हणतात. याचे विधी मोजके असून सणाचा खरा आशय त्या दिवशीच्या अन्नातच सामावलेला आहे.

नावाची व्युत्पत्ती कानडीत शोधावी लागते. कानडीत ‘एळु’ म्हणजे सात; ज्येष्ठापासून मोजल्यास ही सातवी अमावास्या ठरते, असा एक उलगडा देण्यात येतो. दुसरा उलगडा ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ या शब्दावरून केला जातो. कर्नाटकात याच तिथीस ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणतात आणि धाराशिवकडील जेवणात तिळाच्या पोळ्या असतात. अमावास्या आणि तीळ यांचा पितृकार्याशी असलेला संबंध लक्षात घेता हा दुसरा उलगडा अधिक ग्राह्य वाटतो. ‘वेळ’ हे रूप मराठी कानाने मागाहून लावून घेतलेले दिसते.

सणाच्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभारतात. तीत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा होते आणि नैवेद्यानंतर पंगत बसते. पांडवांच्या वनवासाशी सणाचा संबंध जोडणारी कथा सर्वत्र सांगितली जाते. तथापि अन्नाची घडण पाहता सणाचे मूळ पिकांच्या चक्रात आहे, याविषयी फारशी शंका उरत नाही.

जेवणातील मुख्य पदार्थ भज्जी. तळलेल्या भज्यांशी तिचा संबंध नाही. तूर, हरभरा, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे, मेथी-चुक्यासारख्या पालेभाज्या, गाजर, वांगी, हिरव्या मिरच्या असे त्या आठवड्यात शिवारात जे जे मिळेल ते एकत्र शिजवून त्यास बेसनाचा आळ आणि चिंचेचा किंवा ताकाचा आंबटपणा देतात. घरात साठविलेल्या डाळीचे पीठ आणि शेतातले अजून न वाळलेले दाणे या एकाच भांड्यात येतात. जोडीला ज्वारी वा बाजरीच्या पिठाचे वाफविलेले उंडे, गव्हाची गुळातील खीर, तिळाच्या व शेंगदाण्याच्या पोळ्या आणि भाकरी असते. बहुतेक स्वयंपाक आदल्या रात्री होतो.

याहून अर्थपूर्ण पदार्थ आंबील होय. ज्वारीचे पीठ शिजवून, ताक घालून ती आंबविली जाते आणि मातीच्या मडक्यातून शेतावर नेतात. पूजेनंतर आंबिलीसह नैवेद्याचे अन्न उभ्या पिकावर शिंपडीत शेताला फेरी घालतात. यास ‘चर शिंपणे’ म्हणतात. उत्तर कर्नाटकात याच क्रियेस ‘चरग’ शिंपणे असे नाव आहे. या भागातील रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते व फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जाते. सणाच्या सुमारास ती पोटरीत किंवा निसवण्याच्या बेतात असते, आणि पाऊस संपल्याने जमिनीत साठलेल्या ओलीवरच तिची सारी मदार असते. म्हणजे कणगीच्या तळाशी आलेली गतवर्षीची ज्वारी याच वेळी, पातळ व थंड करून, नव्या ज्वारीला पाजली जाते. अवर्षणप्रवण प्रदेशात हे निव्वळ उत्सवी शिंपण राहत नाही. उत्तर कर्नाटकात आश्विन पौर्णिमेस (शीगी हुण्णिमे) भूमीला गर्भवती मानून तिचे डोहाळे पुरविले जातात, त्याच कल्पनेचा हा पुढचा टप्पा मानता येईल.

अन्नातील प्रतीके सर्वत्र एकाच रीतीने घडत नाहीत. चीनमध्ये नववर्षाच्या जेवणात मासा हवाच, कारण ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या अर्थांच्या चिनी शब्दांचा उच्चार एकच आहे. तेथे पदार्थाचा अर्थ उच्चारसाम्यातून येतो, येळवशीत तो पदार्थ कोठून आला यावरून ठरतो. चिनी बाराव्या चांद्र महिन्याच्या आठव्या दिवशी अनेक धान्ये, द्विदले व सुकी फळे एकत्र शिजवून केली जाणारी ‘लाबा’ पेज भज्जीला अधिक जवळची आहे. मात्र ती कोठारातल्या सुक्या जिनसांची असते, तर भज्जी ओल्या शिवाराची.

सणाचा प्रसार आजच्या राज्यसीमा मानीत नाही, याचे कारण इतिहासात आहे. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी आजच्या बीदर जिल्ह्यात होती आणि धाराशिव परिसरात कानडी शिलालेख सापडतात. पुढे 1948 पर्यंत यातील बहुतेक मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बीदरमधील निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले, उरलेल्या बीदरचा बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला. 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. सण निजामी राजवटीत सुरू झाला असे काही जण सांगतात, परंतु त्याचे कानडी नाव व पीकचक्राशी असलेला मेळ पाहता ते पटण्याजोगे नाही.

ज्याला शेत नाही त्याने दुसऱ्याच्या शेतावर जेवावयास जावे, असा रिवाज आहे. वाटेने जाणाऱ्यासही हाक मारून बोलावितात. त्या दिवशी शहरातील रस्ते ओस पडतात. गेल्या काही दशकांत मात्र सोयाबीन व ऊस यांचा पसारा वाढून ज्वारीचे क्षेत्र घटले आहे. कोपीसाठी कडबा शेजाऱ्याकडून आणणे आणि भज्जीचे दाणे आठवडी बाजारातून विकत घेणे आता नवलाचे राहिलेले नाही. हरभऱ्याच्या किंवा उसाच्या फडातही आंबील शिंपली जाते. ती ज्वारीचीच असते.