'परिपूर्ती' आणि तारखा

इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा लेख आपल्याकडे बहुधा एकाच रीतीने वाचला जातो. सभेत लेखिकेची ओळख थोर नातेवाइकांच्या आधाराने करून दिली जाते. तरीही काहीतरी राहून गेल्याची रुखरुख तिला लागते. आणि मग रस्त्यावरचा एक मुलगा सोबत्यांना तिची ओळख वर्गमित्राची आई म्हणून देतो, तेव्हा ती भरून पावते. म्हणजे अखेर विदुषीही आईपणातच तृप्त होते, असा निष्कर्ष आपण वर्गात सांगून मोकळे होतो. समोर बसलेल्या मुली तो वहीत उतरवून घेतात, ही गोष्ट आम्हांला अधिक खटकते.

'परिपूर्ती' हा संग्रह १९४९चा. त्याआधीच्या तारखा जरा पाहाव्यात. बर्लिनहून डॉक्टरेट मिळवून आलेल्या इरावतीबाई १९३१ ते १९३६ या काळात सासऱ्यांच्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. या विद्यापीठाची स्थापना १९१६ची, आणि स्त्रीला चांगली पत्नी व माता होण्यास उपयोगी पडेल असे शिक्षण द्यावे, ही अण्णासाहेबांची त्यामागची एक प्रमुख भूमिका. त्याच संस्थेचा कारभार त्यांची सून घरी तान्हे मूल असताना पाहत होती! १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात गेल्या. धाकटी गौरी जन्मली ती १९४२ साली. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा ग्रंथ १९५३चा. म्हणजे 'परिपूर्ती' लिहिणारी बाई कारकीर्द आटोपून घरी परतलेली नव्हती. तिचे मोठे काम अजून व्हायचे होते.

तेव्हा लेखातली तृप्ती ही निवड नव्हे, असे आम्हांला वाटते. 'नोकरी की घर' हा प्रश्न मुळात लेखात नाहीच. तो आपण आणून बसवतो. अर्थात त्यांना तो पडला नाही, याला दिनकर कर्व्यांसारखा पाठीशी उभा राहणारा नवरा आणि सुधारकांचे घर हेही कारण होते. तेवढे भाग्य त्या काळच्या किती पदवीधर स्त्रियांच्या वाट्याला आले असेल?

एक मात्र नजरेआड करता येत नाही. लेखात आईला ओळखणारा मुलगा आहे, आणि ज्याची ती आई तोही मुलगाच. त्या घरातल्या दोन्ही मुली, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, पुढे लेखिका झाल्या. गौरीबाईंच्या शिकलेल्या नायिका आईपणाचा हिशेब पुन्हा मांडू लागतात, तेव्हा तो इतका सहज जुळत नाही.